एक बैठक, एक शब्द

आमचे अण्णा रागावले की घरातली भांडी वाजायची, हे सगळ्या आळीला माहीत होतं. पुढं भांडी वाजायची थांबली आणि छतातनं माती पडायला लागली. या दोन्हींतला जास्त ताप कशाचा, ते मला या वयातही ठरवता येत नाही. भांडं आपटलं तर पोचा पडतो, तो दिसतो, त्यावर बोलता तरी येतं. मातीचं काय करणार? ती आमटीत पडते, विरघळते आणि दाताखाली कचकन लागते. आणि जेवणारा माणूसच ती पाडणारा असेल तर बायकोनं बोलायचं तरी कुणाला?

तेव्हा आम्ही तुळजापुरात दोन खोल्यांत राहायचो. घर माळवदाचं. हल्लीच्या पोरांना माळवद म्हणजे काय ते सांगावं लागतं, म्हणून सांगते. वर लाकडी सर, म्हणजे तुळया, त्यावर फळ्या आणि फळ्यांवर हातभर माती चोपून केलेलं सपाट छत. उन्हाळ्यात खाली गार, थंडीत ऊबदार. त्यावर मिरच्या वाळवाव्यात, कुरडया घालाव्यात, फार तर संध्याकाळी वारा खात बसावं. त्यावर एखाद्या चाळिशी ओलांडलेल्या माणसानं धपाधप बैठका माराव्यात, असा विचार ते बांधणाऱ्यानं नक्कीच केला नसणार.

अण्णा तहसिलीत कारकून होते. नोकरीला लागले तेव्हा त्याला अहलकार म्हणायचे. निजामाच्या राज्यातली शाळा, म्हणजे सगळं शिक्षण उर्दूत. घरात मराठी, देवळात मराठी, भाजी घेताना मराठी, भांडायला तर मराठीच. पण लिहायचं म्हटलं की उर्दू. त्यांचं उर्दू अक्षर असं, की मोठे साहेबसुद्धा कागद उजेडाला धरून बघायचे. उजवीकडून डावीकडं कलम अशी चालायची जशी पाण्यावरून बदकीण जाते. मग राज्य बदललं, माणसं बदलली, आणि हळूहळू कागदही बदलले. मराठी आली. आपलीच मराठी, आईची मराठी. पण ती लिहायला बसले की अण्णांचं अक्षर पहिलीतल्या पोराचं व्हायचं. काना दिला की मात्रा राहायची, मात्रा दिली की वरची रेघ राहायची. त्यातून दफ्तरातले शब्द घरातल्या मराठीत नव्हतेच. मिसलीला, म्हणजे फायलीला, नस्ती म्हणायचं, तख्त्याला विवरणपत्र, गश्तीला परिपत्रक. अण्णा म्हणायचे, "हे शब्द कुठल्या गावचे आहेत गं? आपल्याकडं तर कुणीच बोलत न्हाय असं."

दफ्तरात काय व्हायचं ते आम्हाला दिसायचं नाही. घरी यायचं ते दिसायचं. दिवसभर आपल्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान कारकुनाकडून आपला मसुदा दुरुस्त करून घ्यायचा, हे गिळून माणूस घरी आला की त्याला चहात साखर जास्तच लागते. भाकरीला पापुद्रा आला नाही, भिरकाव. मीठ कमी, ताट सरकव. मी पुस्तक मोठ्यानं वाचतेय, "कान किटले!" मी मनात वाचतेय, "शाळेत जातेस की झोपा काढतेस?" आई म्हणायची, "साहेबाला बोलता येत न्हाय म्हणून मला बोलतेत. मी कुणाला बोलू, चुलीला?" आणि खरंच ती चुलीला बोलायची. फुंकणीनं फुंकर मारता मारता इतकं बोलायची, की चूल पेटली ती फुंकरीनं की बोलण्यानं, असा प्रश्न पडावा.

मग हुकूम आला. जुन्या कारकुनांनी मराठीची परीक्षा द्यायची, तीन संधी, तिसऱ्यांदा नापास झालात तर घरी. अण्णा दोनदा नापास झाले. आमच्या घरात याचा अर्थ अगदी मलासुद्धा कळत होता. नोकरी गेली की तुळजापूर सुटणार. तामलवाडीला अण्णांच्या वाट्याचं थोडं रान होतं आणि चुलत्यांच्या घरात एक खोली. तिथली शाळा तेव्हा लहान वर्गांचीच, आणि मी सहावीत. म्हणजे अण्णांची परीक्षा ती माझीही. हे कुणी मला समजावून सांगितलं नव्हतं. पण आई एकदा माझी वेणी घालताना म्हणाली, "बाप पास झाला तर तू सातवी बघशील," आणि पेड इतका घट्ट ओढला की डोळ्यांत पाणी आलं.

त्याच दिवसांत अण्णांची गाठ वस्तादांशी पडली. वस्ताद म्हणजे खालच्या आळीतल्या तालमीचे म्हातारे पहिलवान, दाढी मेंदीनं लाल केलेली, कान कुस्तीत चुरगळून पानासारखे झालेले. ते तालमीच्या जागेच्या कुठल्याशा कागदासाठी तहसिलीत आले होते, आणि त्यांच्या देखत अण्णांनी शाईची दौत भिंतीवर फेकली. दुसरा कुणी असता तर पळाला असता. वस्ताद शांतपणे भिंतीवरचा डाग बघत राहिले आणि म्हणाले, "अजी मुन्शीजी, हात में ताकत तो भोत है. दौत पे कायकू जाया करते?" अण्णा खजील झाले. वस्ताद संध्याकाळी घरी आले, ओसरीवर बसले, चहा बशीत ओतून प्याले आणि त्यांनी निदान सांगितलं. "ये गुस्सा दिल का नै, बदन का है. दिनभर कुर्सी पे बैठते, वो अंदर सडता. पसीने के रस्ते निकालो. गुस्सा आया, पैले बीस बैठक. फिर बोलना है तो बोलो."

"बीस?" अण्णा म्हणाले.

"हौ. बीस के बाद बोलने को दम बचा, तो बोलना."

आई आतून ऐकत होती. वस्ताद गेल्यावर तिनं विचारलं, "आणि बैठका मारायच्या कुठं म्हणे? ह्या दोन खोल्यांत? पाय लांब केला तर पोरीच्या अंगावर पडतो."

अण्णांनी वर बघितलं.

तिथून आमचे हाल सुरू झाले. राग आला की अण्णा काही न बोलता उठायचे, भिंतीला लावलेली शिडी चढायचे आणि वर धप, धप, धप. सकाळी ठरलेल्या पन्नास, त्या वेगळ्या, रागाच्या त्यावर. जेवता जेवता घास तसाच ठेवून जायचे. आम्ही दोघी ताटावर हात धरून बसायचो, जसं गारपिटीत बसावं. माती पडायची, भुसा पडायचा, एकदा तर पाल पडली, तीही बिचारी घाबरून आमच्यापेक्षा जोरात पळाली. येसराची आमटी आईची फार छान व्हायची, पण त्या महिन्यांत आमच्या आमटीला एक मातकट चव आली ती आलीच. आई तोंड वर करून ओरडायची, "अहो, वरण खायचंय का चिखल? कुणावर एवढा राग आला?" वरून आवाज यायचा, "तेरा! चौदा! तुझ्यावर न्हाय! पंधरा!"

एक दिवस आईनं त्यांना उभं करून विचारलं. ते नुकतेच खाली आले होते, घामानं बनियन अंगाला चिकटलेली. ती म्हणाली, "मी रोज विहिरीवरनं बारा खेपा आणते. दळण करते. धुणं बडवते. माझा घाम तुमच्यापेक्षा जास्त निघतो. मग माझा राग का जात न्हाय?"

अण्णांनी विचार केला. खरंच केला, चेष्टेनं नाही. मग म्हणाले, "तू मोजत न्हाईस."

"मोजते की! बारा म्हटलं न्हाय का आत्ता?"

"ते पाणी मोजतीस. राग न्हाय मोजत."

दुसऱ्या दिवशी आई धुणं बडवताना मोठ्यानं आकडे म्हणत होती आणि प्रत्येक आकड्याबरोबर सोटा असा पडत होता, की अण्णांच्या कोटाची दोन बटणं फुटली. ती बटणं लावताना पुन्हा राग. तेव्हा या उपायात काहीतरी गफलत आहे, हे मला तेव्हाच कळलं होतं. पण लहान पोरीला कोण विचारतं?

आता माझी सून मनगटाला घड्याळ बांधून फिरायला जाते. ते घड्याळ तिची पावलं मोजतं आणि कमी पडली तर टुक्कन वाजतं. मग ती वैतागते. वैताग घालवायला चालायचं, आणि चालणं कमी पडलं म्हणून वैतागायचं. डॉक्टर मलाही सांगतात, "आजी, टेन्शन घेऊ नका, रोज अर्धा तास चाला." मी त्यांना म्हटलं, बाबा, हे औषध माझ्या घरात साठ वर्षांपूर्वी आलं होतं आणि त्याचे परिणाम मी अजून भोगतेय. ते हसले. हसण्यासारखं काही नव्हतं.

तर बैठका. मोजायला मला नेमलं. दमल्यावर अण्णांचा आकडा चुकायचा, आणि चुकला की ते पहिल्यापासून सुरू करायचे, म्हणजे मातीही पहिल्यापासून. आईनं मला वर पिटाळलं. "तू मोज आणि लवकर संपवून खाली आण." मी हातात शाळेची वही घेऊन उभी राहायची, मधल्या वेळात पाठांतर करायची. त्यावरून अण्णांच्या डोक्यात आलं. ते म्हणाले, "इंदू, नुसते आकडे कशाला? शब्द म्हण." त्यांनी एका वहीत डाव्या बाजूला जुने दफ्तरी शब्द, उजव्या बाजूला नवे मराठी, असे लिहून काढले होते, जुने उर्दूत, नवे त्या वेड्यावाकड्या मराठीत. उर्दू मला वाचता येत नव्हती, म्हणून जुने शब्द मी त्यांच्याकडून ऐकून पाठ केले. मग रोज सकाळी आमचं सुरू. मी म्हणायची, "मिसल," ते खाली बसायचे, वर येता येता, "नस्ती!" मी "तख्ता," ते खाली, वर येताना "विवरणपत्र!" मी "मुहाफिजखाना," ते खाली, गुडघा कट्कन वाजायचा, आणि वर येताना अर्ध्या श्वासात "अभिलेख-कक्ष!" एक बैठक, एक शब्द. शब्द चुकला तर दहा जास्त.

समोरच्या माळवदावर सरूकाकू मिरच्या वाळत घालायच्या. त्या साऱ्या आळीला ऐकू जाईल असं विचारायच्या, "काय गं इंदे, बाप शाळेत जातोय का तालमीत?" मी लाजेनं खाली बसायची. अण्णा बैठकीतूनच उत्तर द्यायचे, "दोन्हीकडं, काकू! फी एकच!" हे असं हसून बोलणारे अण्णा मी त्याआधी पाहिलेच नव्हते, हे खरं आहे आणि ते लिहिलं पाहिजे. ताट सरकणं थांबलं. दफ्तरातून आले की दारातच चप्पल काढून आधी शिडी. खाली उतरले की चेहरा धुतल्यासारखा. आईनं चुलीच्या वर चारी कोपऱ्यांना दोऱ्या बांधून जुनं धोतर ताणलं आणि त्यात पडलेली माती दर आठवड्याला वरच नेऊन चोपायला सुरुवात केली. चोपताना ती बडबडायची, पण पूर्वीसारखी धार त्यात नव्हती. आणि शब्द तर असे पाठ झाले की अण्णांना झोपेत कूस बदलतानाही एखादा सुटायचा.

चूक कुठं झाली, ते मला परीक्षेच्या आठ दिवस आधी कळलं. जेवताना आईनं सहज विचारलं, "काय हो, ते नकलेला काय म्हणतात आता?" अण्णांनी घास थांबवला. ओठ हलले. शब्द येईना. मांडी घातलेल्या पायांची बोटं आखडली, गुडघे आपोआप वर यायला लागले. मी म्हटलं, "अण्णा, प्रत." "माहीत आहे, माहीत आहे," असं म्हणून ते उठले, भिंतीशी एक बैठक मारली आणि वर येताना म्हणाले, "प्रत! अधिकृत प्रत!" आई हसली. मी नाही हसले. मी त्यांना एकटं गाठून सांगितलं, "अण्णा, परीक्षेत बाकावर बसून लिहायचंय. आता बसून म्हणत जा." ते म्हणाले, "बसून डोकं चालत न्हाय गं, रगत खाली राहतं." मी म्हटलं, "मग तिथं काय करणार?" ते म्हणाले, "तिथलं तिथं." मोठ्या माणसांचं हे 'तिथलं तिथं' ऐकलं की आजही माझ्या अंगाचा तिळपापड होतो. त्यांच्या तिथल्या-तिथंमुळं इथली माणसं उघड्यावर येतात.

परीक्षा धाराशिवला होती. अण्णा म्हणाले, इंदूला बरोबर नेतो. आईनं कारण विचारलं तर म्हणाले, "ती जवळ असली की शब्द जवळ असतात." आईनं धपाटे केले, शेंगांची चटणी दिली, दह्याचं भांडं फडक्यात बांधलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "त्यांना पोटभर खाऊ घाल, आणि तू गप बस." हे शेवटचं वाक्य मी नीट ऐकलं असतं तर हे लिहायची वेळच आली नसती.

परीक्षा एका शाळेत होती. मध्ये मोकळं पटांगण, कडेला लिंबाचं झाड, झाडाखाली पाण्याचा रांजण. आजूबाजूला दहा-पंधरा पिकल्या केसांचे कारकून, काळ्या टोप्या घालून, शाळकरी पोरांसारखे वह्या चाळत फिरत होते आणि एकमेकांशी हळूच उर्दूत बोलत होते. अण्णांच्या अंगात जुन्या शेरवानीचा कापून केलेला कोट होता. घंटा झाली, ते आत गेले. मी झाडाखाली डबा मांडीवर घेऊन बसले. खिडकीतून मला त्यांची पाठ दिसत होती. अर्धा तास बरा गेला. मग पाठ हलायला लागली. आधी थोडी, मग जास्त. वर, खाली. वर, खाली. अण्णा बाकावर बसल्या जागी बुड उचलून बैठका मारत होते! बाक करकरत होता. शेजारचे गृहस्थ वैतागून म्हणाले ते मला बाहेर ऐकू आलं, "अहो भाऊ, माझं अक्षर हलतंय!" मी तोंडावर हात ठेवला.

थोड्या वेळानं अण्णा बाहेर आले, पाणी प्यायला. नियमाप्रमाणं बरोबर शिपाई. ते रांजणापाशी आले, माझ्यापासून चार हातांवर. माझ्याकडं त्यांनी पाहिलंही नाही. मुद्दाम पाहिलं नाही, हे मी शपथेवर सांगेन. पाणी प्याले, तांब्या पालथा घातला, धोतराचा सोगा खोचला आणि सुरू केलं. एक, दोन, तीन. शिपाई म्हणाला, "काका, हे काय करताव?" "पाय आखडलेत," अण्णा म्हणाले. चार, पाच. ओठ हलत होते, पण वर येताना तोंडातून काहीच निघत नव्हतं. निघणार कसं? खाली जाताना शब्द द्यायला मी असायचे. ते माझ्या आवाजाची वाट बघत असल्यासारखे खाली थांबायचे, आणि आवाज येत नाही म्हणून रिकामेच वर यायचे. सहा, सात. कपाळावर घाम. शिपाई म्हणाला, "चला, काका." आठ.

मला त्या वेळी काय झालं, ते नेमकं सांगते. दया आली असं लिहिलं तर शोभून दिसेल, पण ते खोटं आहे. मला वैताग आला. सहा महिने रोज पहाटे माळवदावर उभं राहिल्याचा, सरूकाकूंचा, दातांखालच्या मातीचा, तिथल्या-तिथंचा. पोरगं एकाच पाढ्यावर अडलं की मास्तरीण जशी डाफरते, तशी मी डाफरले, "अहो, गश्ती!"

अण्णा खाली होते. ते वर आले, आणि देवळातली घंटा बडवावी तसे खणखणीत ओरडले, "परिपत्रक!"

खिडकीत परीक्षा घेणारे साहेब उभे होते.

साहेब पुण्याकडचे, सडपातळ, चष्म्याचे. ते बाहेर आले. मला म्हणाले, "मुली, तू यांना काय सांगितलंस?"

मी म्हटलं, "मी उत्तर न्हाय सांगितलं जी. जुना शब्द म्हटला नुसता. म्हणजे मी प्रश्न सांगितला."

त्यांच्या ओठांचा कोपरा हलला. मग त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला तेव्हा तो कोपरा जागेवर होता. "बाळ, नियमाला या दोन्हींत फरक करता येत नाही," ते म्हणाले. "मी हे पाहिलं आहे. मला लिहावं लागेल." मग अण्णांना, "आपल्याला काही सांगायचं आहे का?"

शिपायाच्या मागं आता सगळे पिकले केस खिडकीत जमले होते. अण्णांनी सोगा सोडला, नीट केला. "लिहा साहेब," ते म्हणाले. "फक्त पोरीचं लिहू नका. उमेदवार स्वतःशी मोठ्यानं बोलला, असं लिहा."

साहेबांनी काय लिहिलं, ते आम्हाला कधी कळलं नाही. पेपर अर्ध्यातच काढून घेतला, एवढं खरं. आणि अण्णांनी मला नंतर एकदा हसत हसत सांगितलं, की 'परिपत्रक' हा शब्द त्या पेपरात नव्हताच. ते 'अनुज्ञप्ती'वर, म्हणजे परवान्यावर, अडले होते. हे त्यांनी मला सांगायला नको होतं. काही गोष्टी बापानं आपल्याबरोबर न्याव्यात. साठ वर्षं झाली, पण 'अनुज्ञप्ती' हा शब्द कुठं छापलेला दिसला की मी पान उलटते.

तीन महिन्यांत नोकरी गेली. आम्ही तामलवाडीला गेलो, माझी शाळा सहावीतच संपली. पुढं जे काही वाचायला-लिहायला शिकले, ते वाण्याच्या पुडीचे कागद, चुलत्यांकडची जुनी पुस्तकं आणि देवळातल्या पोथ्या यांवर, आपलं आपण. लोक म्हणतात, बाई, तुम्ही शिकला असता तर काय झाला असता. मी म्हणते, काय झाले असते ते झाले असते, तुम्ही आता त्यावर कशाला हळहळता? त्यानं माझी सातवी परत येणार आहे का? पण हे सगळं पुढचं. त्या दिवशी आम्ही शाळेच्या फाटकाबाहेर आलो, तेव्हा मला एवढंच ठाऊक होतं की आता अण्णा फुटणार.

मी वाट बघत होते. मीठ कमी पडलं म्हणून ताट भिरकावणारा माणूस. दौत फेकणारा माणूस. त्याची नोकरी त्याच्या पोरीनं एका शब्दात घालवली होती, माझी शाळा माझ्याच तोंडानं गेली होती. मी गाल पुढं करून उभी होते म्हटलं तरी चालेल. अण्णा म्हणाले, "भूक लागली का? धपाटे खाऊन घेऊ."

आणि मला इतका संताप आला, इतका, की मी डबा त्यांच्या हातात कोंबला आणि चालायला लागले. बसथांबा डावीकडं होता, मी सरळ गेले. तुळजापूरच्या रस्त्याला लागले. मागून चपलांचा आवाज येत होता. गाव संपलं, दोन्ही बाजूंनी ज्वारी सुरू झाली, कणसं नुकती भरायला लागलेली, मध्ये मध्ये करडई पिवळी. मी कशाकडं बघत नव्हते, तरी हे सगळं आजही डोळ्यांपुढं आहे, याचं मला नवल वाटतं. चपलेचा अंगठा तुटला, मी दोन्ही चपला हातात घेतल्या. बरंच अंतर गेल्यावर मी मागं न बघता ओरडले, "रागवत का न्हाईत तुम्ही?"

"रागावलोय की," मागून आवाज आला.

"मग बोला ना! मारा! नोकरी गेली तुमची!"

"चालतोय न्हवं."

मी वळून बघितलं. त्यांचा चेहरा लाल झाला होता, मानेची शीर फुगलेली, डबा छातीशी घट्ट धरलेला. ते खरंच रागावलेले होते. मी त्यांना इतकं रागावलेलं कधीच पाहिलं नव्हतं. तो राग ते एकेका पावलानं रस्त्यावर टाकत येत होते, आणि माझ्यापर्यंत त्यातलं काहीच पोचू देत नव्हते. मी पुन्हा तोंड फिरवलं. आता मला रडू यायला लागलं होतं, आणि रडताना जोरात चालता येत नाही, म्हणून मी आणखी चिडले आणि आणखी जोरात चालले.

दगडाच्या एका पुलापाशी मागून बसचा आवाज आला. तुळजापूरचीच बस. अण्णा माझ्या बरोबरीला आले, धापा टाकत. बस दिसायला लागली, धुरळा उडवत.

"इंदू," ते म्हणाले, "राग किती राहिलाय?"

मी खरं तेच सांगितलं. "लई."

त्यांनी बसकडं बघितलं, माझ्या अनवाणी पायांकडं बघितलं. बस जवळ आली, ड्रायव्हरनं वेग कमी केला. अण्णांनी हात वर केला नाही. बस आमच्या अंगावर धुरळा टाकून निघून गेली.

"मग चल," ते म्हणाले. "माझाबी आहे."